यंदाच्या चातुर्मासात परसबागेचाही नियम घ्या



मृग लागला. बीबीच्या काळ्या रानात सोयाबीन-तुरीच्या पेरणीची धावपळ सुरू झाली आणि आपल्या घराघरांत दुसरी बोलणी सुरू झाली, यंदा चातुर्मासात काय सोडायचे? कोणी एकाशन धरते, कोणी गोड सोडते, कोणी अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य करते. आपापल्या शक्तीप्रमाणे सगळेच चांगले. मला यंदा एक जास्तीचा नियम सुचवायचा आहे. आपल्या दारात जे पिकते, किंवा आपल्या भागात त्या मोसमात जे येते, तेवढीच भाजी आणि तेवढेच फळ खायचे. आणि आषाढातली चतुर्दशी येण्याआधी दारात निदान एक वेल लावायचा.

यात नवे काय, असे कोणाला वाटेल. आपल्या सासवा हेच करत होत्या. खरे आहे. त्यांना नियम घ्यावा लागत नव्हता, कारण बाजारात दुसरे काही मिळतच नव्हते. आपल्याला सगळे मिळते, म्हणून आपल्याला नियम घ्यावा लागतो.

हल्लीचा आपला स्वयंपाक जरा मोकळेपणाने बघू या. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट हे आपल्याकडे येत नाही. त्याबद्दल आपण काटेकोर आहोत आणि असायलाच हवे. कंदमुळात एका शरीरात अनंत जीव, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. पण बटाटा सोडून आपण करतो काय? कच्च्या केळ्याची पावभाजी, ज्येष्ठात गोठवलेले मटार, भर पावसाळ्यात शीतगृहातली सफरचंदे, पारण्याच्या पंगतीत बारा प्रकार. पाकिटावर ‘जैन’ लिहिलेले असले की आपण मागचे-पुढचे बघत नाही. वस्तू सोडली, हव्यास तसाच राहिला. मटार कोणत्या महिन्यात येतो हे आमच्या नातवंडांना माहीत नाही, कारण त्यांच्यासाठी तो बाराही महिने फ्रीजमध्येच पिकतो.

आपल्या शास्त्रात याचा विचार फार बारकाईने झालेला आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण हे गुणव्रत सांगितले आहे. जे एकदा वापरून संपते तो भोग, जे पुन्हा पुन्हा वापरता येते तो उपभोग. दोन्हींना मर्यादा घालायची. ही मर्यादा दोन प्रकारची. जन्मभरासाठी घेतली तर यम, ठरावीक काळासाठी घेतली तर नियम. नियमाचा काळ कसा मोजावा हे सांगताना आचार्यांनी एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना आणि सहा महिन्यांचे अयन यांच्या बरोबरीने ऋतूही धरला आहे. म्हणजे ऋतूपुरते व्रत घेणे ही आजकालच्या आहारतज्ज्ञांची नवी कल्पना नाही. आपल्या श्रावकाचारात ते मापच दिलेले आहे.

त्याच ग्रंथात आणखी एक कसोटी आहे, अल्पफल आणि बहुविघात. मिळणार थोडे आणि नाश मात्र फार, असे पदार्थ टाळावेत. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. मला ही कसोटी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटले, हा तर चोख जमाखर्च झाला. आमदनी किती आणि तिच्यासाठी खर्च किती, एवढेच विचारले आहे. फक्त खर्चाच्या बाजूला रुपये नसून जीव आहेत.

आता रुपयांचाही हिशेब सांगते, कारण परसबागेने पैसे वाचतात असे सर्रास लिहिले जाते. आमच्या घरामागे पंधरा बाय वीस फुटांची जागा आहे. गेल्या वर्षी मृगापासून होळीपर्यंत मी वहीत रोजची नोंद ठेवली. शेणखत ६०० रुपये, सुतळी आणि बांबू ३५०, विकतचे बियाणे ११०. एकूण खर्च १,०६०. निघालेला माल स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला आणि त्या आठवड्याच्या बाजारभावाने लिहिला. दोडकी-गिलकी २३ किलो, वालाच्या शेंगा १४ किलो, भेंडी ९ किलो, चवळी-गवार ८ किलो, कारली ६ किलो आणि मेथी-पालकाच्या पंचेचाळीसेक जुड्या. किंमत झाली ३,२१० रुपये. खर्च वजा जाता शिल्लक २,१५०. नऊ महिन्यांनी भागले तर महिन्याला अडीचशेसुद्धा पडत नाहीत, आणि त्यात माझी मजुरी धरलेलीच नाही.

कारण साधे आहे. आपल्या वेलाला दोडकी लागतात तेव्हा साऱ्या गावाच्या वेलांना लागतात, आणि बाजारात भाव पडलेला असतो. मोसमाची भाजी नेहमी स्वस्तच असते. तेव्हा पैशासाठी परसबाग करणार असाल तर करू नका. मी करते ती वेगळ्या कारणासाठी. वेल आपल्याला मर्यादा घालून देतो. श्रावणात गिलके लागले की चार दिवस गिलकेच. एक दिवस डाळीत, एक दिवस परतून, एक दिवस बेसन पेरून, एक दिवस भजी. आमच्या घरातून चौथ्या दिवशी “आज पुन्हा गिलकेच का?” असे येतेच. त्या प्रश्नात मला व्रत दिसते. जिभेला जे हवे ते नाही, समोर जे आहे ते. उपवासाच्या दिवशी न खाणे त्या मानाने सोपे आहे. रोज जेवून मर्यादेत राहणे अवघड.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. आपल्यातल्या बऱ्याच ज्येष्ठ बायका म्हणतात, माती खणली की जीव मरतात, जैनाच्या घरी कुदळ कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मातीत जीव आहेत आणि खणताना ते मरतात, हे नाकारता येत नाही.

पण श्रावकाच्या हिंसेचे चार प्रकार आपण शिकलो आहोत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने पूर्ण सोडायची असते. घर चालवताना, चूल पेटवताना, पोट भरण्याचा उद्योग करताना जी घडते ती यत्नाने कमी करायची असते. भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी सहा कर्मे शिकवली, त्यात कृषी आहे. आपल्या वऱ्हाडात जैन म्हटले की दुकान डोळ्यांसमोर येते, पण कोल्हापूर-सांगलीकडे जा, कितीतरी जैन घरे पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आली आहेत. आणि आपण कुदळ हातात घेतली नाही म्हणून माती खणली जायची थांबते का? बाजारातल्या भेंडीसाठी कोणीतरी खणतेच. आपल्याला ते दिसत नाही, एवढेच.

न दिसणारे आणखीही काही आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते कापसावरचे फवारे होते, भाजीवरचे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण फवारणीचा पंप पाठीला बांधणारा माणूस तोच असतो, आणि भाजीवरही फवारणी होते. कीड मारायच्या हेतूनेच विष फवारतात, म्हणजे ती संकल्पी हिंसाच झाली. बिनडागाची, चकचकीत भाजी निवडून आपण तिला बाजारात मागणी देतो. मग कुदळीच्या पापाची भीती बाळगायची आणि पंपाच्या पापाकडे पाठ करायची, हे मला पटत नाही.

उलट दारासमोरची शोभेची हिरवळ, जिला उन्हाळ्यात बादल्या-बादल्या पाणी लागते आणि जिच्यातून कोणाचे पोट भरत नाही, ती मला जास्त खटकते. प्रयोजनाशिवाय माती उकरणे, पाणी सांडणे, झाडे तोडणे याला शास्त्रात प्रमादचर्या म्हटले आहे आणि ते अनर्थदंडात मोजले आहे. खणायचेच तर प्रयोजन असावे, आणि हात यत्नाचा असावा.

यत्नाचा हात म्हणजे काय, ते माझ्या परसातल्या पद्धतीवरून सांगते.

आळी एकदाच केलेली आहेत, दरवर्षी तीच वापरते. सगळी जमीन उलथीपालथी करत नाही. पालापाचोळा जाळत नाही, त्यात किती जीव असतात! तोच झाडांच्या बुडाशी पसरते. त्याने ओल टिकते आणि पुढच्या वर्षी माती आपोआप भुसभुशीत मिळते.

खणणे आणि पेरणे आषाढातल्या चतुर्दशीच्या आधी संपवते. मृगापासून तिथपर्यंत बहुतेक वर्षी महिनाभर तरी मिळतो. पुढे पावसाने माती जीवांनी भरून जाते, तेव्हा कुदळ भिंतीला टेकलेली बरी. साधू एका जागी थांबतात, तशी आपली कुदळही थांबावी.

पावसाळ्यात पालेभाजी लावतच नाही. चातुर्मासात पालेभाजी खायची नाही हा आपला जुना नियम, कारण या दिवसांत पानांवर सूक्ष्म जीव आणि अळ्या फार. जी खायची नाही ती लावली नाही की अळी मारायचा प्रश्नच उरत नाही. फ्लॉवर-कोबीचेही तसेच.

दोडकी-कारल्यांवर फळमाशी येते. फळ बोटाएवढे असतानाच त्याला कागदाची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी बांधते. माशी बाहेर, फळ आत, कोणी मरत नाही. एखाद्या वेलावर मावा फार पडला तर तो वेल सोडून देते. त्याची भाजी खात नाही, त्यावर काही फवारत नाही. तेवढा वाटा त्यांचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, शोधून घेणे. भेंडी उभी चिरून, शेंग सोलून, गिलके कापून दिवसाच्या उजेडात बघायचे. विहार करणाऱ्या साधूंचा संघ आपल्या रस्त्याने शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांकडे जातो आणि एखादे वेळी आपल्याला आहार देण्याचे भाग्य मिळते, तेव्हा चौक्यात प्रत्येक जिन्नस कुठून आला हे आपल्याला सांगता यायला हवे. परसातल्या दोडक्याबद्दल मी ते छातीठोकपणे सांगू शकते.

आपल्या अनेक मंदिरांत सहा लेश्यांचे चित्र असते. फळांनी लदलेले झाड आणि सहा भुकेले वाटसरू. एक झाड मुळापासून उपटायला निघतो, दुसरा बुंधा तोडायला, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा फक्त फळे तोडतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. भूक सगळ्यांची सारखीच, मन मात्र वेगवेगळे. बाजारातली मेथीची जुडी हातात घेऊन बघा, मुळांसकट उपटलेली असते. विकणाऱ्याचा इलाज नाही, मुळासकट ती ताजी राहते. परसात मात्र मेथी वरून खुडता येते आणि ती पुन्हा फुटते. पालकाची बाहेरची पाने तेवढी घ्यायची. वालाचा एक वेल भाद्रपदात फुलावर आला की माघापर्यंत शेंगा देत राहतो, आणि त्याला जिवे मारावे लागत नाही. शेवग्याचे झाड तर वर्षानुवर्षे देते. चित्रातल्या पहिल्या वाटसरूपासून पाचव्यापर्यंत जायला मला परसबागेइतकी सोपी वाट दुसरी सापडलेली नाही. पिकून गळालेली जांभळे सकाळी वेचताना सहाव्याच्या जवळही जाता येते.

बियाण्याबद्दलही बोलायला हवे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांना आपण बीजमाता म्हणतो. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली. वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार जपले, बायकांना परसबागा करायला शिकवले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. फवारलेली भाजी खाऊन नातू आजारी पडतो, या काळजीतून आपण बियाणे जमवू लागलो असे त्या सांगतात. संस्था, पुरस्कार हे सगळे नंतर आले. सुरुवात एका आजीच्या स्वयंपाकघरातून झाली.

माझ्याकडचा वालही असाच सासूबाईंकडून आलेला आहे. शेवटच्या चार-पाच शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, बी राखेत घोळून डब्यात ठेवायचे. संकरित बियाण्यातून पुढच्या वर्षी तसेच पीक येईल याचा भरवसा नसतो, गावरान बी मात्र आपली जात सोडत नाही. मुलीला सासरी पाठवताना भांडी-लुगडी देतो, त्यात वालाच्या बियांची पुरचुंडी दिली तर काय बिघडले?

“मोसमाचेच खायचे तर पावसाळ्यात चालेल कसे?” असे मला नेहमी विचारतात. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या पुढे गेला आणि बायकांनी डोक्याला हात लावला. टोमॅटो तर हिवाळ्यात स्वस्त आणि गोड. पावसाळ्यात आमटीला चिंच आहे, आमसूल आहे, चैत्रात वाळवलेल्या कैरीच्या फोडी आहेत. आपल्याकडे वर्ष कसे फिरते ते बघा. श्रावण ते आश्विन दोडके, गिलके, कारले, भेंडी, चवळी, गवार, दुधी. दिवाळीनंतर मेथी, पालक, कोथिंबीर, करडईची कोवळी भाजी. मार्गशीर्ष-पौषात तुरीच्या ओल्या शेंगा, वाल, ओला हरभरा, मटार. फाल्गुन-चैत्रात शेवग्याच्या शेंगा. पुढे उन्हाने रान करपते तेव्हा चिवळीची भाजी, कैरी आणि वाळवणाच्या मुगवड्या. श्वेतांबर मैत्रिणींकडे आर्द्रा नक्षत्र लागले की आंबा बंद होतो. फळाला शेवटचा दिवस ठरवून देणारी ही रीत मला फार आवडते. ज्याला शेवट आहे त्याची वाट बघण्यात गोडी आहे.

पाण्याची अडचण आपल्या भागात खरीच आहे. नळ रोज येत नाही. म्हणून माझा मोठा हंगाम पावसाचाच, आणि होळीनंतर फक्त शेवगा, कढीपत्ता आणि तुळस जगवते. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी तेवढ्याला पुरते. उन्हाळ्यात परस ओस दिसला तर दिसू द्यावा. जमिनीलाही उपवास असतो.

पुण्या-मुंबईच्या, संभाजीनगरच्या सदनिकांत राहणाऱ्या लेकीसुनांना जागा नाही, नोकरी आहे, हे मी जाणते. त्यांनी मन खट्टू करू नये. नियमाचा मोठा भाग मोसमाचा आहे, तो बाजारातूनही पाळता येतो. भाजीवालीला एवढेच विचारायचे, “हे आत्ता कुठे पिकते?” जवळच्या गावाचे नाव आले तर घ्यायचे. खिडकीत एक कढीपत्ता, गॅलरीच्या कठड्यावर एक वालाचा वेल, इतके जमले तरी पुष्कळ. गुडघे दुखणाऱ्या माझ्या वयाच्या भगिनींनी बी टोचावे, पाणी नातवंडांनी घालावे.

घरात काय शिजेल हे अजून तरी आपल्या हातात आहे. पुरुषांची दुकाने, मुलांच्या नोकऱ्या यांवर आपले फारसे चालत नाही, पण ताटावर चालते. म्हणून यंदा नियम घ्यायला मंदिरात जाल तेव्हा चार महिन्यांसाठी हा एक जोडून घ्या: मोसमाबाहेरचे आणि गोठवलेले नाही, ताटात भाजीचे दोनच प्रकार, आणि दारात एक तरी वेल. जड वाटले तर आधी एका पंधरवड्यासाठी घ्या. पंधरवडाही शास्त्राने मोजला आहे.

मृगाचा पाऊस पडून माती भिजली की लगेच बी टोचा. वालाला वाफसा आवडतो, चिखल नाही. माझ्याकडे डबाभर बी आहे. मंदिरात भेटाल तेव्हा मागून घ्या.